सभासद क्रमांक एकशे सतरा

पत्राचा तिसरा मसुदा मी सकाळी नऊला टाईप केला.
पहिल्यात 'खेद' होता, दुसऱ्यात 'नम्रपणे',
आनाक्लेतसाहेबांनी दोन्ही खोडले
आणि समासात लिहिलं: थोडक्यात.

वेर्ण्याच्या पठारावर बत्तीस वर्षं
आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो.
तोंडं बंद करणं हाच आमचा धंदा,
त्यामुळे तोंड उघडायची सवय नाही.

उद्योग मंडळानं दिल्लीला निवेदन पाठवलं:
धूर मोजायचा नवा नियम घाईचा आहे,
मुदत दहा वर्षांनी वाढवावी,
याबाबत आमच्या सर्व सभासदांचे एकमत आहे.

सर्व.
मी फाईल काढून पाहिली.
आम्हाला विचारल्याचा एक कागद नाही.
वर्गणीच्या पावत्या आहेत, टाचण्यांना गंज चढलेल्या,
आणि वार्षिक भोजनाची निमंत्रणं,
पणजीत, मांडवीकडे काचा असलेल्या त्या दालनात
जिथं गेल्या वेळी तळलेला विसवण होता
आणि कुणीतरी मला विचारलं होतं,
मॅडम, तुम्ही कुणाच्या मिसेस?

माझे वडील जुव्याला मानस सांभाळायचे.
भरती-ओहोटीची वेळ त्यांना घड्याळाआधी कळायची.
कुर्लीनं बांधाला भोक पाडलं
तर ते कुणाच्या शेतासमोर आहे हे नंतर.
ज्यानं पाहिलं त्यानं बुजवायचं.
बांधाचीही वर्गणी असायची, बांधाचीही सभा,
तिथंही भांडणं, तिथंही एकदा खजिनदारानं पैसे खाल्ले.
आणि बांध फोडलाच कुणी कोळंबीसाठी
तर तो रात्री फोडला, गुपचूप, काळोखात.
सगळ्यांच्या नावानं सही करून नाही.

हे मी बैठकीत बोलले नाही.
कंपनी सचिवानं वडिलांबद्दल बोलायचं नसतं.
मी फक्त निवेदनातली ओळ वाचली
आणि 'सर्व'वर जरा थांबले.

कुडचडकर म्हणाले, आपला बॉयलर अजून तेलावरच आहे.
छपरावरची सौरतावदानं कॅलेंडरच्या फोटोपुरती.
आणि मंडळ सोडलं
तर वीज खात्यातली फाईल कोण हलवणार, तुमचा देव?
खरं होतं.
कुणीतरी चहाचा कप बशीवर फिरवत राहिलं.

मग आनाक्लेतसाहेब म्हणाले,
म्हणूनच तर.
मुदतवाढ मिळाली तर बॉयलर मी बदलणार नाही.
दहा वर्षांनी आणखी दहा मागेन.
मी मला ओळखतो.
मला मुदत नको, तारीख द्या.

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ,
जणू काच नव्हे, वाक्यच धुरकट होतं.

पत्र साडेपाच ओळींचं झालं.
आपल्या निवेदनातील मत आमचे नाही.
आमचे नाव 'सर्व'मधून कमी करावे.
खाली शिक्का, त्याखाली सही, थोडी थरथरलेली.
प्यून बाबलो ते घेऊन पणजीला गेला
आणि येताना, विचारलं नव्हतं तरी, पोहोच घेऊन आला.

बारा दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य.
आपल्या भावना नोंदवून घेतल्या आहेत.
सोबत पुढल्या वर्षाच्या वर्गणीचं बिल,
सभासद क्रमांक एकशे सतरा,
वेळेत भरल्यास पाच टक्के सूट.

त्याच दुपारी भावाचा फोन.
पुनवेचं पाणी आत आलंय.
मी विचारलं, कुठल्या भोकातून?
तो म्हणाला, भोकातून नव्हे गो,
ह्या खेपेला वरून.

हाताशी दुसरा कागद नव्हता.
बिल उलटं केलं
आणि कोऱ्या बाजूवर तो सांगत गेला ते लिहून घेतलं:
माती, चाळीस पाट्या.
फळ्या सहा, फणसाच्या मिळाल्या तर बऱ्या.
माणसं, येतील तितकी.
ओहोटी शनिवारी, पहाटे चार बावीसला.